स्टिल कॅमेऱ्यावर ८ महिने व्हिडिओ : एका फोटोवाल्याचा अनुभव

बारा-तेरा वर्षं मी फक्त फोटो काढले. कॅमेऱ्यावरचं लाल बटण चुकून दाबलं गेलं की वैताग यायचा. गेल्या ८ महिन्यांत मात्र त्याच बटणावर जास्त काम झालंय. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस (आत आरसा नसलेला), सेकंडहँड, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० पर्यंत जाणारा. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्या पिढीच्या कुठल्याही स्टिल कॅमेऱ्याला लागू पडेल, आणि अर्ध्या चुका तर माझ्याच आहेत.

पहिल्या महिन्यातल्या सगळ्या क्लिपा चार-पाच सेकंदांच्या निघाल्या. फोटोवाल्याला क्षण टिपायची सवय, त्यामुळे बटण दाबतो उशिरा आणि क्षण झाला की लगेच बंद करतो. एडिटला बसल्यावर कळतं की क्लिपला ना आधीचा श्वास, ना नंतरचा. आता रेकॉर्डिंग सुरू झालं की मनात दहापर्यंत मोजतो, मग समोर काही घडो न घडो. दुसरी खोड कॅमेरा उभा धरायची. माणूस समोर आला की मनगट आपोआप वळतं, आणि बाकी सगळ्या आडव्या क्लिपांमध्ये तेवढी एकच उभी बसते. तिसरी चूक सांगायला लाज वाटते. एकदा सुरू-बंदचा हिशेबच उलटा झाला. कार्डावर दीड मिनिट माझे बूट सापडले आणि वर माझाच आवाज, ‘‘हं, आता सुरू करतो.’’

चित्र छान येतं, यात वाद नाही. मोठा सेन्सर आणि उघडी लेन्स यांमुळे मागचं सगळं विरघळून जातं. २००८ मध्ये निकॉन डी ९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आला तेव्हा लोक याच गोष्टीवर भाळले होते. तो ७२०पी, म्हणजे १२८० बाय ७२० चा होता आणि एचडीत एक क्लिप जेमतेम ५ मिनिटांची घेता यायची. त्याच वर्षी कॅननचा ५डी मार्क २ फुल एचडी घेऊन आला. त्या मानाने माझ्याकडचा कॅमेरा म्हणजे चैनच.

पण फोटोतलं एक्सपोजरचं, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा याचं गणित इथे जसंच्या तसं चालत नाही. फोटोत ऊन जास्त असेल तर शटर १/१००० सेकंदावर न्यायचा, विषय संपला. व्हिडिओत तसं केलं की चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो, कारण प्रत्येक फ्रेम वाजवीपेक्षा कोरीव येते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० च्या आसपास ठेवायचा, हा जुना दंडक. आता हिशेब करा: रखरखीत उन्हात, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० वर, १/५० ला अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, येतं एफ/२२ इतकं बारीक. मला हवं असतं एफ/२.८ इतकं मोठं. मधले सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कुठून आणायचे? एनडी ६४ फिल्टर, म्हणजे प्रकाश ६४ पट कमी करणारी गडद काच लावून. मी आधी फिरवून गडद-फिका करता येणारा एनडी घेतला होता. तो शेवटपर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर आकाशात फुलीसारखी काळी सावली उमटते. त्यात फ्रेमच्या कडाही हिरवट येत होत्या. शेवटी साधे ठरावीक ताकदीचे दोन फिल्टर घेतले आणि डोकं शांत झालं.

घरातल्या दिव्यांचंही असंच. विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर १/२०० वर ठेवला की भिंतीवरून काळे पट्टे सरकताना दिसतात. १/५० किंवा १/१०० वर आलात की गायब. जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे १/६० किंवा १/१२०. स्वस्त एलईडी मात्र कशालाच दाद देत नाहीत, ते सरळ बंद करावेत.

फोकसने मला सगळ्यात जास्त रडवलं. आमचे आजोबा अजून घड्याळं दुरुस्त करतात. एका रविवारी त्यांचे हात मॅक्रो लेन्सने टिपायला बसलो. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग, नखाएवढं चाक, आणि फोकसची पट्टी, म्हणजे स्पष्ट दिसणारा भाग, दोन मिलिमीटरचीही नाही. ऑटोफोकस पुढे-मागे डुलत राहिला. चिमट्यावर बसायचा, मग मागच्या टेबलावर उडी मारायचा, परत यायचा. फोटोत अशा वेळी दहा काढून एक ठेवतो. व्हिडिओत ते डुलणं रेकॉर्ड होऊन बसतं. मग ऑटोफोकस बंद केला आणि लेन्सची रिंग हाताने फिरवायला लागलो. पण या रिंगकडून लेन्सच्या मोटरला वायरीने नुसता इशारा जातो. हळू फिरवली तर फोकस थोडा सरकतो, झटक्यात फिरवली तर कुठल्या कुठे, त्यामुळे रिंगवर खूण करून तीच जागा परत गाठणं अशक्य. मी एक जुनी, पूर्ण मॅन्युअल लेन्स अॅडॉप्टरने लावली. रिंगवर कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे चिकटवले, एक चिमट्याचा, एक चेहऱ्याचा. त्या दिवसापासून हात ते चेहरा असा फोकस हवा तेव्हा, हवा तितका सरकतो.

बाकीच्या कुरबुरी थोडक्यात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून कॅमेरा झपकन फिरवला की खांब तिरके होतात. हळू फिरवा. चौकड्यांचा बारीक शर्ट समोर आला की त्यावर रंगीत लाटा उठतात, कारण २४ मेगापिक्सेलमधून २ मेगापिक्सेलचं चित्र काढताना कॅमेरा मधल्या ओळी गाळतो. मुलाखतीला साधा शर्ट सांगा. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवण्याची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, बोलता बोलता माणूस पिवळा-निळा होतो. सेकंदाला ५० मेगाबिट म्हणजे मिनिटाला ३७५ मेगाबाइट, तासाला साडेबावीस जीबी. एक बॅटरी सव्वा तास जाते, तेव्हा तीन हव्याच.

आवाज. इथे कॅमेरा सरळ नापास. आतल्या माइकमध्ये लेन्सची घरघर येते, रिंग फिरवल्याचा खरखराट येतो, माझा श्वासही येतो. समोरचा गप्प झाला की ऑटो गेन आवाज वर ओढतो आणि पंखा कानात शिरतो. म्हणून बोलणाऱ्याच्या शर्टाला कॉलर माइक लावायचा, त्याची वायर खिशातल्या फोनला, फोनवर रेकॉर्डर चालू. सुरुवातीला एक टाळी वाजवायची. एडिट करताना टाळीचं टोक कॅमेऱ्याच्या आवाजातल्या टोकाशी जुळवलं की काम झालं. मोठ्या क्लिपमध्ये दोन्ही आवाज किंचित मागेपुढे होतात, तेव्हा शेवटीही एक टाळी.

ती शेवटची टाळी आजोबांच्या मुलाखतीत राहून गेली. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. २९ मिनिटं ५९ सेकंद झाले आणि कॅमेरा निमूट बंद पडला. ना बीप, ना दिवा. हा बिघाड नव्हे. युरोपियन युनियनच्या जकातीत ३० मिनिटं सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेऱ्यात धरला जाई आणि त्यावर जादा कर बसे, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद अलीकडेच कुलूप घातलं. अलीकडच्या पुष्कळ मॉडेलांत ते नाही, माझ्यात आहे. आणि आजोबांनी त्यांच्या पहिल्या घड्याळाची गोष्ट काढली ती बरोबर त्यानंतर. त्यांनी ते उघडलं, परत जोडता येईना, म्हणून चार दिवस वडिलांपासून लपवून ठेवलं होतं.

मी घाबरत सांगितलं, ‘‘आजोबा, ते रेकॉर्डच झालं नाही. परत सांगता का?’’

‘‘अरे, तेच तेच कसं सांगू? आता हसू नाही यायचं मला.’’

तरी सांगितलं त्यांनी, पण ती गोष्ट नुसती माहिती झाली होती. रात्री खिशातला फोन ऐकला. तो चालूच होता. हसणं, मधला ठसका, खुर्चीची करकर, सगळं होतं. त्या आवाजावर मी त्या रविवारचे हात लावले. चिमटा, स्प्रिंग, झाकण बसल्याची टिक. घरातल्या सगळ्यांनी तीन-तीनदा पाहिलंय, आणि तेवढा वेळ आजोबांचा चेहरा का दिसत नाही, हे अजून कुणी विचारलेलं नाही.