नाशिकमध्ये बायिंगची इंटर्नशिप: कॉलेज रोडवरच्या एका शोरूमचा रिव्ह्यू

फॅशन किंवा रिटेल शिकणारी मुलं नाशिकमध्ये इंटर्नशिप शोधताना आधी मोठ्या ब्रँडची पाटी बघतात. बायिंग, म्हणजे दुकानासाठी माल निवडून खरेदी करणं, शिकायचं असेल तर तो रस्ता चुकीचा आहे. वेस्टसाइड आणि झुडिओचा माल मुंबईची ट्रेंट कंपनी ठरवते, मॅक्सचं मुख्य कार्यालय बेंगळुरूत आहे. नाशिकच्या शाखेत माल येतो, लागतो, विकला जातो. खरेदी तिथे होत नाही. खरेदी बघायची तर घरच्या मालकीचं दुकान गाठावं, जिथे शेठ स्वतः सुरतला जातात. कॉलेज रोडवरच्या अशाच एका तीन मजली शोरूममधल्या लेडीज एथनिक विभागाच्या आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपबद्दल हे लिहितो आहोत.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे सुरुवात नव्या कॅटलॉगने होत नाही, गोडाऊनमधल्या पडून राहिलेल्या मालाने होते. विद्यार्थ्याला एक डिझाइन नंबर देतात आणि तो माल का अडकला ते शोधायला सांगतात. उदाहरणार्थ, रेयॉनच्या एका कुर्तीचे १२० नग आले आणि आठ आठवड्यांत ७८ गेले. विक्री ६५ टक्के, म्हणजे वरवर बघता ठीकच. साइजप्रमाणे फोड केली की खरा प्रकार कळतो. व्यापाऱ्याचा सेट एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असा एकेक नगाचा, म्हणजे प्रत्येक साइजचे ३० नग. त्यातले एल आणि एक्सएलचे साठही नग संपले. उरलेले ४२ सगळे एम आणि डबल एक्सएल. डिझाइन चाललं, साइजचं प्रमाण फसलं. अशा दुकानाला १:२:२:१ हवं. छोट्या ऑर्डरला व्यापारी सेट फोडत नाही, म्हणून चार डिझाइन थोडी थोडी घेण्यापेक्षा दोनच डिझाइन मोठ्या संख्येने घेऊन प्रमाण मागायचं. बायिंगमधली ही सगळ्यात उपयोगी शिकवण इथे पहिल्या पंधरवड्यातच मिळते.

मार्जिनचा हिशोबही नीट शिकवतात. खरेदी जीएसटी सोडून ६०० रुपये, भाडं-हमाली नगामागे १२, विक्री ९९९. मुलं ३९९ भागिले ९९९ करून ४० टक्के लिहितात. पण ९९९ मध्ये ५ टक्के जीएसटी आहे. तो काढला की हातात ९५१ येतात, खर्च वजा जाता ३३९, म्हणजे पावणेछत्तीस टक्के. पुढे आषाढ सेलमध्ये २० टक्के सूट दिली की विक्री ७९९, कर काढून ७६१, आणि नफा उरतो १४९. किमतीत पाचवा हिस्सा सोडला आणि नफ्यातला निम्म्याहून जास्त गेला. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना नगामागे २,५०० पर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे, त्यामुळे गाऊन आणि लेहंग्याची किंमत ठरवताना ही रेषा डोळ्यांसमोर हवी.

सुरतची फेरी एकच असते, पण भरगच्च. रिंग रोडच्या मार्केटमध्ये भाव कसा बोलतात, रोखीवर वटाव, म्हणजे सूट, किती, डिफेक्ट निघाल्यास माल परत घेणार का, हे ऐकायला मिळतं. सॅम्पल आणल्यावरची तपासणी मात्र खास आहे. कुर्तीवर २५ सेंटिमीटरची खूण करायची, धुऊन सावलीत वाळवायची, पुन्हा मोजायची. खूण पावणेचोवीसवर आली म्हणजे ५ टक्के आटली. ४६ इंच लांबीच्या कुर्तीत सव्वादोन इंचाहून जास्त फरक पडतो आणि गिऱ्हाईक परत येतं. ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने गडद रंग घासून बघायचा, कारण कोरड्या फडक्याला न लागणारा रंग ओल्याला लागतो. एक दिवस येवल्याला नेतात, तिथे पैठणीचा पदर उलटा करून दाखवतात: हातमागावरची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

आता जिथे कमी पडतं ते. बजेट, म्हणजे ओपन टू बाय (अजून किती माल घेता येईल याचा आकडा), तोंडी उरकतात. वास्तविक तो पाच आकड्यांचा हिशोब आहे: अपेक्षित विक्री १२ लाख, महिनाअखेरीस हवा तो साठा ९ लाख, सूट १ लाख, यांची बेरीज करून त्यातून हातातला साठा ११ लाख आणि दिलेली ऑर्डर ४ लाख वजा. उरले ७ लाख, तेही विक्रीच्या भावाने. खरेदीच्या भावात बदलायला विसरलं की जादा माल येऊन पडतो. हा तक्ता मुलांकडून दर आठवड्याला भरून घ्यायला हवा.

दुसरी उणीव त्याहून मोठी. सॉफ्टवेअर ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करतं आणि विद्यार्थ्याला तोच रिपोर्ट हातात देतात. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने लग्नसराईही सरकते. आठवडे दिवाळीपासून उलटे मोजले तरच अंदाजाला अर्थ. जुन्या शेठजींच्या हे डोक्यात पक्कं असतं, रिपोर्टमध्ये नसतं. नवख्याला कुणी सांगितलं नाही तर तो भर ऑक्टोबरला ‘विक्री घसरली’ असं लिहून मोकळा होतो.

खरेदीची बिलंही फक्त भाव झाकून दाखवतात. दुकानदाराची अडचण समजते, पण निदान एका बंद झालेल्या डिझाइनचं बिल पूर्ण दाखवायला हरकत नसावी. स्टायपेंड नाही, सुरत आणि येवल्याचा खर्च दुकान करतं.

पाचपैकी साडेतीन. जायचं असेल तर जूनअखेरीस रुजू व्हा, म्हणजे जुलै-ऑगस्टमधल्या दिवाळीच्या ऑर्डरी समोर होतील. ऑक्टोबरमध्ये गेलात तर काउंटरवर उभं करतील. होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: साइजवार विक्रीचा रिपोर्ट बघायला मिळेल का, आणि पार्सल आल्यावर बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), बिल आणि ऑर्डर ताडून मोजणी करायला देणार का.