कुत्र्यासकट कोकण: व्हॅन घ्यावी की वाडीतली खोली?

आमचा भुऱ्या दहा वर्षांचा लॅब्रेडोर आहे. वजन 34 किलो, मागचे पाय आता जरा कुरकुरतात आणि रात्री आमच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपायची सवय. एकदा त्याला पाळणाघरात ठेवून आम्ही लग्नाला गेलो, तर पठ्ठ्याने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तेव्हापासून जाऊ तिथं तिघं. निवृत्तीनंतर कोकणच्या दोन लांब फेऱ्या झाल्या. पहिली भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून, चार रात्री. दुसरी आपल्याच गाडीने, वाडीतल्या घरगुती खोलीत, सात रात्री. कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर आणखी एक जोडपं त्यांच्या म्हाताऱ्या पामेरियनला घेऊन निघायच्या बेतात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

व्हॅनची हौस माझी. हे पहिल्यापासून म्हणत होते, ‘घर पाठीवर घेऊन फिरायला आपण गोगलगाय आहोत का?’ पण माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र: समोर समुद्र, दार उघडं, भुऱ्या पायरीवर बसलाय. आता प्रत्यक्ष सांगते. आपल्याकडे व्हॅन बहुतेक ड्रायव्हरसकटच मिळते. मुलगा गुणी होता, पण रात्री तो झोपणार कुठे? पहिल्या रात्री पुढच्या सीटवर अंग चोरून पडला आणि मध्ये एक पडदा. मला घोरायचीही चोरी झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी गावात वेगळी खोली घेतली. म्हणजे खोलीचं भाडं चुकलं नाहीच.

आणि समुद्रासमोर व्हॅन लावणं मनातून काढून टाका. वाळूत गाडी घालायची नसते. चाकं रुततात, भरती कोणासाठी थांबत नाही आणि किनाऱ्यावर गाड्या नेल्या की पोलीस कारवाईही करतात. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण दिवेआगर ते आंजर्ले या पट्ट्यात आम्ही प्रत्येक रात्री शेवटी कोणाच्या तरी वाडीतच उभे राहिलो. त्यांच्याकडून पाणी, त्यांच्याकडून वीज, जेवण त्यांच्याच पडवीत. मग व्हॅन कशासाठी? चाकांवरची एक जादा खोली आम्ही ताम्हिणीतून ओढत नेली, एवढंच.

विजेचा हिशेब तर आधीच करून ठेवा. आमच्या व्हॅनला 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची बॅटरी होती, म्हणजे भरलेली असताना जेमतेम 2.4 युनिट. एसी तासाला साधारण एक युनिट खातो. दोन-सव्वादोन तासांत खेळ खलास. भाड्याने देणाऱ्यांनी ‘रात्रभर चालेल’ असं छातीठोक सांगितलं होतं. तिसऱ्या रात्री आम्ही वाडीवाल्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढली. पहाटे त्यांनी शिंपण्याला पाणी चढवायला पंप लावला मात्र, त्यांचं घर आणि आमचा एसी दोन्ही एकदम गप्प. डिसेंबर असूनही पत्र्याच्या डब्यात दहा मिनिटांत घाम फुटला. भुऱ्या जीभ बाहेर काढून धापा टाकत दाराला नाक लावून बसला, तेव्हा मी दार उघडलं आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघं अंगणात बसून राहिलो.

पायऱ्यांचं आधी कोणी सांगत नाही. व्हॅनची पहिली पायरी जमिनीपासून गुडघाभर उंच. म्हातारा कुत्रा उतरताना पुढच्या पायांवर आदळतो आणि चढताना 34 किलो तुम्ही उचलायचे. ह्यांची कंबर तिथेच धरली. पामेरियनवाल्यांना हा मुद्दा लागू नाही.

फेरीबोटीत मात्र व्हॅन आत शिरली. वेश्वी–बागमांडला आणि दाभोळ–धोपावे या दोन्ही फेऱ्यांतून मोठ्या गाड्या जातात. फक्त ओहोटीला धक्क्याचा उतार वाढतो आणि व्हॅनचा मागचा लांब भाग खाली घासतो. त्या आवाजाने ड्रायव्हरचा चेहरा पडला होता. आपली छोटी गाडी असली तर यातलं काहीच नाही. गल्ल्यांचंही तेच. दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, वर झावळ्या आणि लोंबत्या तारा. समोरून एसटी आली की मागे कोणी जायचं हे आधीच ठरलेलं असतं.

एवढं सगळं असून व्हॅनचा एक मुद्दा निर्विवाद, आणि तो लहान नाही: रात्री कुत्रा आपल्याजवळ, बंद दाराआड. घरगुती खोलीवाले फोनवर ‘हो हो, कुत्रा चालेल’ म्हणतात. तिथं गेल्यावर कळतं की चालेल म्हणजे पडवीत, साखळीला. त्यांचंही चूक नाही; स्वयंपाकघर तिथंच, सोवळ्याची आजी तिथंच. पण कोकणात रात्री बिबट्या फिरतो आणि अंगणातून कुत्रा उचलणं त्याला नवीन नाही. त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या आधी मी फोनवर प्रश्नच बदलला: ‘रात्री खोलीत, आमच्या पलंगापाशी झोपवला तर चालेल का?’ पाच घरांनी नाही म्हटलं. सहाव्याने विचारलं, ‘अंथरूण तुमचं आणाल ना?’ तिथे गेलो. शहाबादी फरशी, पंखा, मागे सुपारीची बाग. भुऱ्या त्या गार फरशीवर पोट टेकून पसरला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

खर्चाचं थोडक्यात: व्हॅनचं भाडं, किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याची खोली धरून आम्हाला एक रात्र दुसऱ्या फेरीतल्या एका रात्रीच्या तिप्पट पडली.

कशानेही जा, किनाऱ्यावरचं वेळापत्रक कुत्र्याचं असतं, आणि ते ठरवायला पंचांग लागतं. कोकणातला जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी वर, फिरायला किनाराच नाही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी आणि लांबच लांब घट्ट ओली वाळू. म्हाताऱ्या सांध्यांना, त्याच्या आणि आपल्याही, तीच सोयीची. आम्ही व्हॅन अष्टमीच्या आसपास घेतली होती आणि चारही दिवस वेळ साधली नाही.

कुत्र्याची काळजी दोन्हीकडे सारखीच. गोचिडावरची गोळी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून द्या. तरी वाडीतून आल्यावर रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. समुद्राचं पाणी प्यायला तर जुलाब ठरलेले, म्हणून पिण्याची बाटली बरोबर हवी. आणि जाळ्यातून टाकून दिलेला फुगीर केंड मासा वाळूत पडलेला असतो, तो विषारी. भुऱ्याने एकदा तोंडात धरला होता. ह्यांनी अख्खा हात जबड्यात घालून काढला. तेव्हापासून किनाऱ्यावरही पट्टा सुटत नाही. वेळासच्या बाजूला थंडीत जाणार असाल तर दुसऱ्या कारणानेही सोडू नका: तिथं वाळूत कासवांची अंडी असतात आणि कुत्र्याला ती उकरायला वेळ लागत नाही.

तर माझं मत. कुत्रा लहान चणीचा, परक्या घरात भुंकून भुंकून घर डोक्यावर घेणारा, आणि तुम्ही दोन रात्रींपेक्षा जास्त राहणार नसाल, तर थंडीत व्हॅन घ्या. शेजाऱ्यांची झोप वाचेल. मोठा किंवा म्हातारा कुत्रा असेल, मुक्काम आठवड्याचा असेल, तर आपली गाडी आणि तळमजल्याची फरशीची खोली. पामेरियनवाल्यांना मी तरीही खोलीच सुचवली आहे, कारण त्यांच्यात ड्रायव्हरसमोर घोरणारे ते काका आहेत.

आम्ही यंदा दत्तजयंतीच्या आगेमागे त्याच सहाव्या घरी जातोय. अंथरूण आमचं, मोदकांची ऑर्डर आदल्या दिवशी.