टिंबाच्या जागी आडवी रेघ होती

बाळाच्या जन्मदाखल्यासाठी सरकारी वाटणाऱ्या एका बनावट साइटवर एकूण गेले १,९९७ रुपये. ‘अर्ज शुल्क’ ९९, ‘आधार ओळख पडताळणी’ ३९९, ‘तातडीची सेवा’ १,४९९. ग्रामपंचायतीत हाच जन्मदाखला २० रुपयांत मिळतो. नोंदणीनंतरचा पहिला तर कायद्यानं फुकट, तोही सात दिवसांच्या आत द्यायचा असतो. तो पहिला कागद हरवला, म्हणून हा उपद्व्याप.

हसण्याआधी ऐका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टला जन्मतारखेचा दुसरा पुरावा चालत नाही, जन्मदाखलाच लागतो. त्याच तारखेपासून जन्मनोंदीत आईवडिलांचा आधार क्रमांकही मागतात. मग साइटनं आधार मागितला तर खटकायचं काय? अशोकस्तंभ होता, मंत्रालयाचं नाव होतं, भाषा बदलायचं बटणही होतं. शोधल्यावर सगळ्यात वर तीच आली. वर आली कारण ती ‘प्रायोजित’ होती, आणि तो शब्द किती बारीक छापतात ते बघा एकदा. पत्ता वाचला नाही असंही नाही. ‘सीआरएसओआरजीआय’ (जन्म-मृत्यू नोंदणीच्या खऱ्या सरकारी साइटचं नाव) होतं, ‘जीओव्ही’ होतं. मधे टिंबाऐवजी आडवी रेघ, आणि शेवटी डॉट कॉम. मोबाइलवर अर्धा पत्ता दिसतच नाही. पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि सुरुवातीच्या ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे का पाहा. मधेच कुठेतरी असून उपयोग नाही.

पण खरा संताप येतो तो पैसे भरतानाच्या पडद्याचा. पिन मागण्याआधी यूपीआय ॲप पैसे कुणाला जाणार त्याचं नाव दाखवतं. तिथे नाव-आडनाव होतं. एका माणसाचं! नगरपालिका नाही, पंचायत नाही, सरकारी खातं नाही. ते वाचलं, ‘ऑपरेटर असेल’ असं मनाशी म्हटलं, आणि पिन दाबला. तीनदा. तिन्ही वेळा तेच नाव. सरकारी फी कधी कुणा अमुकतमुकच्या नावावर जाते का?

ओटीपीची गंमत त्याहून वाईट. आपण भरलेला आधार क्रमांक ही मंडळी आधारच्या खऱ्या साइटवर टाकतात. ओटीपी खरोखरच आधारकडून येतो, आणि आपण तो यांच्या चौकटीत लिहितो. ओटीपी खरा आला म्हणून साइट खरी, हा हिशेबच उलटा आहे. त्या ओटीपीवर ई-आधार उतरवता येतं. त्या फाइलचा पासवर्ड काय? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही फॉर्मात आपणच भरलेली.

ओटीपी देऊन बसला असाल तर फक्त बोटांचे ठसे लॉक करून थांबू नका, त्यानं ओटीपीची वाट बंद होत नाही. आधारच्या खऱ्या साइटवर आधी सोळा आकडी व्हीआयडी (आधार क्रमांकाऐवजी चालणारा पर्यायी क्रमांक) काढा, मग आधार क्रमांकच लॉक करा. पडताळणीचा इतिहासही तिथेच दिसतो, मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ साइटवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही बघून घ्या.

दाखला मात्र आला! पीडीएफ, सही, क्यूआर सगळं. क्यूआर स्कॅन केला की हिरवी खूण. ती खूण त्याच भामट्यांच्या साइटवर उघडत होती, हे दाखला दिला तिथल्या खिडकीवरच्या माणसानं दाखवून दिलं. क्यूआर उघडतो हे महत्त्वाचं नाही, कुठे उघडतो ते बघायचं. वर त्या माणसाची नजर अशी, जणू दाखला आम्हीच छापला.

आता यंत्रणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला, एवढंच. (फोन लावण्याआधी बारा आकडी यूटीआर, म्हणजे यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो.) बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाणं म्हणतं, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, रक्कम किती? दोन हजार? आणि कपाळाला आठ्या. अहो, दोन हजारांचं जाऊ द्या, आधार गेलंय, आणि बनावट सरकारी दाखला समोर ठेवलाय! माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क (ओळखचोरी) आणि ६६ ड (तोतयेगिरी करून फसवणूक) ही कलमं आम्ही त्यांना वाचून दाखवायची का? जन्म-मृत्यू निबंधक कार्यालयाचं उत्तर तर काय वर्णावं: ‘ती साइट आमची नाही.’ ते कळलंय हो. मग तुमची कुठली, ते दारावर मोठ्या अक्षरात लिहायला काय होतं? बँकेला लेखीच द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आमचा बाविसावा दिवस चालू आहे.

खरा दाखला मिळाला तो बाळ जन्मलं त्या गावात. राहत्या गावी कितीही खेटे घाला, नोंद तिथे नसतेच. तिथल्या ग्रामसेवकांनी तारीख विचारली, आईचं नाव विचारलं, वही उघडली. ३९९ रुपयांची पडताळणी कुणी मागितली नाही. पावती फाडली वीस रुपयांची.