बाळाची वाढ मंदावली आहे: थांबायचं की लवकर बाळंतपण करायचं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘वाढ कमी’ असं आलं की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. एक म्हणतो, दिवस भरू द्या, पोटातच वाढेल. दुसरा म्हणतो, उगाच जोखीम नको, आत्ताच बाहेर काढा. दोन्ही सल्ले कधी योग्य ठरतात, कधी बाळाच्या जिवावर बेततात. आठवडा कितवा आणि नाळेतून रक्त कसं वाहतंय, यावर ते ठरतं. खाली एकेक निर्णय दोन्ही बाजूंनी मांडला आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत बसूनच घ्यायचा आहे, पण तो घाईच्या रात्री घेण्याऐवजी आठवडाभर आधी बोलून ठेवता येतो, आणि त्यानेच खूप फरक पडतो.

लहान चणीचं बाळ की वाढ अडलेलं बाळ

अंदाजे वजन १०व्या पर्सेंटाइलच्या खाली असेल, म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभर बाळांमधल्या सर्वांत कमी वजनाच्या दहांत येत असेल, तर बाळ ‘लहान’ धरतात. यातली बरीच बाळं आईवडिलांसारखीच लहान चणीची आणि ठणठणीत असतात. वजन ३ऱ्या पर्सेंटाइलच्याही खाली गेलं, किंवा १०व्याच्या खाली असून डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) बिघाड दिसला, तर वाढ खरोखर अडली आहे असं मानतात. दोन तपासण्यांमध्ये आलेख झपाट्याने घसरला तरी सावध व्हायचं.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली तारखेची. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून दिवस पक्के केले नसतील, तर दोन आठवड्यांची चूक निरोगी बाळाला ‘खुंटलेलं’ ठरवते. दुसरी चूक म्हणजे आठवड्याच्या आत पुन्हा वजन मोजणं. सोनोग्राफीतल्या वजनात १० ते १५ टक्के फरक सहज पडतो. रिपोर्टवर १००० ग्रॅम असलेलं बाळ प्रत्यक्षात ८५० किंवा ११५० ग्रॅमचंही असू शकतं. म्हणून दोन वजनांमध्ये किमान २ आठवडे हवेत. मधल्या काळात डॉपलर आणि बाळाभोवतीचं पाणी बघायचं.

वाढ ३२ आठवड्यांच्या आधीच अडली असेल तर बहुतेकदा दोष वारेत असतो आणि आईचा रक्तदाबही वाढण्याची शक्यता असते. पण संसर्ग किंवा गुणसूत्रांचा दोष नाही ना, हेही विचारा. त्या उत्तरावर पुढचं सगळं गणित बदलतं.

थांबणं की बाळ बाहेर काढणं

डॉपलर करताना पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख दिसतो. प्रत्येक शिखर म्हणजे बाळाच्या हृदयाचा एक ठोका. दोन शिखरांमधली दरी तळाच्या रेषेला टेकता कामा नये, कारण ठोका संपल्यावरही रक्त वारेकडे वाहत राहायला हवं. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या निकामी होऊ लागल्या की दरी खोल होते, मग रेषेला टेकते आणि शेवटी रेषेखाली उतरते. म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात रक्त उलटं फिरतं. तुमच्या रिपोर्टमधला आलेख या तिन्हींपैकी कुठल्या पायरीवर आहे, हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा.

| नाळेच्या डॉपलरमध्ये काय दिसतं | साधारण कुठवर थांबतात |
|---|---|
| प्रवाह ठीक, वजन ३ ते १० पर्सेंटाइल | ३८ ते ३९ आठवडे |
| प्रवाह ठीक पण वजन ३ पर्सेंटाइलखाली, किंवा प्रवाहाला अडथळा वाढलेला | ३७ आठवडे |
| दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबलेला | ३२ ते ३४ आठवडे |
| दोन ठोक्यांमधला प्रवाह उलटा | ३० ते ३२ आठवडे |

हे आकडे म्हणजे जास्तीत जास्त कुठवर थांबता येईल याची मर्यादा आहे. आईचा रक्तदाब हाताबाहेर गेला, बाळाच्या ठोक्यांचा आलेख बिघडला किंवा बाळाच्या यकृताजवळच्या ‘डक्टस व्हिनोसस’ शिरेतला प्रवाह उलटा झाला, तर आठवडा न बघता बाळंतपण करावं लागतं.

थांबल्याने काय मिळतं? फुप्फुसं, आतडी आणि मेंदू तयार व्हायला दिवस मिळतात, आणि २८ आठवड्यांच्या अलीकडे तर प्रत्येक दिवस मोलाचा असतो. थांबल्याने काय जाऊ शकतं? प्राणवायू कमी पडत राहतो आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढत जातो. ‘ग्रिट’ या युरोपीय अभ्यासात डॉक्टरांनाच खात्री नसलेल्या गरोदरपणांमध्ये लगेच बाळंतपण आणि थांबणं यांची तुलना झाली. थांबलेल्या गटात सरासरी चारेक दिवस मिळाले, पण एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. थांबलेल्यांमध्ये पोटातच गेलेली बाळं जास्त होती, घाई केलेल्यांमध्ये जन्मानंतर गेलेली. म्हणून ‘काढलं की सुटलो’ हा समज आम्हाला ‘पोटातच सुरक्षित’ या समजाइतकाच धोक्याचा वाटतो.

२६ ते ३२ आठवड्यांसाठी ‘ट्रफल’ अभ्यास सर्वांत उपयोगी आहे. त्याचे दोन वर्षांनंतरचे निकाल २०१५ मध्ये आले. डक्टस व्हिनोससमध्ये उशिराचे बदल दिसेपर्यंत थांबलेल्या आणि जगलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या वाढीचे दोष कमी आढळले. पण यात एक अट आहे. ती थांबण्याची मुभा ठोक्यांचा आलेख संगणकावर वारंवार तपासून दिलेली होती. ती सोय नसलेल्या ठिकाणी तितकं थांबू नये. ३६ आठवड्यांनंतरचं उत्तर सोपं आहे. ‘डिजिटॅट’ या डच अभ्यासात कळा आणून बाळंतपण केल्याने सिझेरियनचं प्रमाण वाढलं नाही, तेव्हा तक्त्यातला आठवडा गाठल्यावर आणखी ताटकळण्यात फारसा लाभ नाही.

सर्वांत कठीण प्रसंग २६ आठवड्यांच्या आधीचा, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास असतानाचा. ठोके बिघडले तर बाळासाठी सिझेरियन करायचं का, हे ठोक्यांचं यंत्र पोटावर लावण्याआधी ठरवा. ‘नाही’ ठरलं असेल तर ते यंत्र फक्त यातना देतं. ही चर्चा बालरोगतज्ज्ञाला सोबत बसवून करा, आणि जगण्याची शक्यता त्याच रुग्णालयातल्या, तेवढ्याच वजनाच्या बाळांची विचारा.

घरी राहणं की दाखल होणं

प्रवाह ठीक असेल किंवा थोडाच अडथळा असेल, तर घरी राहून आठवड्यातून एकदा-दोनदा डॉपलर पुरतं. प्रवाह थांबला असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा तपासणी लागते, आणि उलटा झाला की दाखलच व्हायचं.

घरी राहिलात तर बाळाच्या हालचालींची नेहमीची लय ओळखून ठेवा. ठरावीक आकड्याला फार अर्थ नाही. ‘आज नेहमीपेक्षा कमी वाटतंय’ एवढं कारण त्याच दिवशी जायला पुरेसं आहे. गोड खाऊन, थंड पाणी पिऊन वाट बघण्यात तास जातात. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, रक्तस्राव, पाणी जाणं, किंवा रक्तदाब १४०/९० च्या वर दिसला, तरी लगेच फोन करा. १६०/११० असेल तर फोनवर वेळ न घालवता निघा.

सक्तीच्या झोपण्याने वाढ सुधारत नाही, रक्तात गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. प्रथिनांच्या भुकट्यांनीही वार दुरुस्त होत नाही. सिल्डेनाफिल या औषधाचा डच अभ्यास तर २०१८ मध्ये नवजात बाळांच्या फुप्फुसांच्या त्रासामुळे थांबवावा लागला. तंबाखू आणि धूम्रपान मात्र आज सोडलं तरी उपयोग होतो.

जवळचं रुग्णालय की मोठ्या एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं)

३४ आठवड्यांच्या आधी बाळंतपणाची शक्यता असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: बाळ पोटात असतानाच हलवा. जन्मानंतर रुग्णवाहिकेतून नेलेलं बाळ वाटेत गार पडतं, साखर उतरते, श्वासाची नळी हलते. शिवाय आई एकीकडे आणि बाळ दुसरीकडे राहिलं की दूधही लांबतं. पोटासारखं उबदार वाहन दुसरं नाही. कळा पुढे सरकल्या असतील किंवा रक्तस्राव होत असेल, तरच जवळच्या ठिकाणी थांबणं शहाणपणाचं.

फोन करून नेमकं विचारा. सर्वांत लहान किती ग्रॅमची बाळं इथे सांभाळता? आज व्हेंटिलेटरची खाट रिकामी आहे का? सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) आणि सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) आहे का? नवजात शिशुतज्ज्ञ रात्री प्रत्यक्ष हजर असतात की फोनवर? ‘एनआयसीयू आहे’ या एका वाक्यावर विसंबू नका. फाइलची प्रत, रक्तगट आणि सगळ्या सोनोग्राफींचे रिपोर्ट एका पिशवीत तयार ठेवा. बाकी कपडालत्ता मागाहून आणता येतो.

स्टिरॉइडचं इंजेक्शन आज की थोडं थांबून

बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून बीटामेथासोनचे १२ मिलिग्रॅमचे दोन डोस २४ तासांच्या अंतराने देतात, किंवा डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२ तासांच्या अंतराने. पूर्ण लाभ पहिल्या डोसनंतर २४ तासांपासून ७ दिवसांपर्यंत मिळतो. अवघड भाग तोच आहे. ‘कशाला जोखीम’ म्हणून २८व्या आठवड्यात दिलं आणि बाळंतपण ३२व्यात झालं, तर ऐन वेळी त्याचा जोर ओसरलेला असतो. पुन्हा पुन्हा दिलं तर बाळाचं वजन आणखी घटू शकतं, आणि इथे तर तेच आधी कमी आहे. थांबलं आणि अचानक सिझेरियन करावं लागलं, तर २४ तास मिळत नाहीत. म्हणून प्रवाहाला नुसता अडथळा वाढलेला असताना घाई करू नये. पुढच्या आठवडाभरात बाळंतपण होईल असं वाटू लागलं की मात्र थांबू नये.

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस बाळाची हालचाल थोडी मंदावते आणि नाळेचा प्रवाह सुधारल्यासारखा दिसतो. ही सुधारणा तात्पुरती असते; तिच्यावर भरवसा ठेवून घरी जाऊ नये. हालचाल कमी वाटली तरी ‘इंजेक्शनमुळे असेल’ असं स्वतःच ठरवू नका, तपासून घ्या. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, त्यासाठी आधीच तयारी हवी.

३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण अगदी समोर आलं, की मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात: आधी ४ ग्रॅम, मग ताशी १ ग्रॅम. अंग तापल्यासारखं होतं, तोंड लाल होतं. बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) होण्याचा धोका त्याने कमी होतो, म्हणून तेवढं सोसण्यासारखं आहे.

कळा आणणं की सिझेरियन

प्रवाह थांबलेला किंवा उलटा असेल तर बहुतेकदा सिझेरियनच करतात, कारण प्रत्येक कळेला वारेतलं रक्त काही सेकंद आटतं आणि अशा बाळाकडे शिल्लक काहीच नसते. प्रवाह चालू असेल आणि ३७व्या आठवड्याच्या आसपास असाल, तर कळा आणून बघणं रास्त आहे, पण ठोके अखंड मोजले गेले पाहिजेत. गर्भाशयाचं तोंड उघडायला फुगा वापरता येईल का, हे विचारा. औषधांच्या मानाने त्यात कळा फार जवळजवळ येण्याचा धोका कमी असतो.

फार लवकरच्या सिझेरियनची एक गोष्ट आधी समजून घ्या. गर्भाशयाचा खालचा भाग तोवर नीट तयार झालेला नसतो, त्यामुळे कधीकधी उभा छेद घ्यावा लागतो. तसं झालं तर पुढच्या गरोदरपणात कळा येऊ देणं धोक्याचं असतं. पोटावरच्या टाक्यांवरून आतला छेद कळत नाही, म्हणून डिस्चार्ज कार्डावर तो लिहून घ्या.

दूध: स्वतःचं, पेढीचं की डब्याचं

वाढ अडलेल्या बाळाच्या आतड्यांना पोटात असतानाच रक्त कमी मिळालेलं असतं, म्हणून आतड्यांच्या गंभीर सुजेची भीती जास्त. डब्याच्या दुधाने वजन पटकन वाढतं, पण ही सूजही जास्त होते. दूधपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. त्यात काही संरक्षक घटक जातात, तरीही ते डब्यापेक्षा बरं. आईचं दूध या सगळ्यांच्या पुढे. ‘अ‍ॅडेप्ट’ अभ्यासात दुसऱ्या दिवशी दूध सुरू केलेली बाळं सहाव्या दिवशी सुरू केलेल्यांपेक्षा लवकर पूर्ण दुधावर आली, आणि सूज काही वाढली नाही.

बाळ ओढणार नाही, म्हणून चीक हाताने काढायचा, शक्यतो पहिल्या तासाभरात. अंगठा आणि बोटं स्तनाग्राच्या मागे २-३ सेंटिमीटरवर ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवरून बोटं घसरू देऊ नका. पहिल्या दिवशी चार-पाच थेंबच येतात. ते १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये टिपून घ्या, बाळाच्या गालाच्या आत लावायला तेवढे पुरतात. ‘काहीच येत नाही’ म्हणून इथेच सोडून देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. दिवसरात्रीत ८ ते १० वेळा काढा, त्यात रात्री एकदा तरी. दूध उतरल्यावर पंप घ्या. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवसाला ५०० ते ७५० मिलिलिटर हे लक्ष्य ठेवा.

पेटी की आईची छाती

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात १ ते १.८ किलोची बाळं जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवली गेली. आधी पेटीत (ऊब देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये) स्थिर करून मग आईकडे देण्याच्या तुलनेत मृत्यू चतुर्थांशाने घटले. आता दिवसाला ८ ते २४ तास असं धरायचा सल्ला आहे. श्वासासाठी यंत्र लागणाऱ्या अस्थिर बाळाला पेटी लागतेच, पण ‘वजन वाढल्यावर घ्या’ असं कुणी म्हटलं तर कारण विचारा.

अंगात फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मध्ये, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीत रुतली तर श्वासाची वाट बंद होते, म्हणून कापडाची वरची कड कानाच्या पाळीपर्यंत घट्ट बांधायची. आईला सिझेरियननंतर उठता येत नसेल, तर बाबांची किंवा आजीची छातीही तितकीच उबदार असते.