मोदकाचा साचा घेताना त्याचं पोट बघा

गॅस न पेटवता घरी गोड करायची हौस असेल तर नाशिकच्या भांडी बाजारात मिळणारा बिजागरीचा प्लास्टिकचा साचा घ्या. ऑनलाइनच्या गुलगुलीत सिलिकॉन ट्रेच्या नादी लागू नका. घाईत असाल तर एवढं वाचून निघालात तरी चालेल. ज्यांना कारण लागतं, त्यांनी जरा बसा.

माझी नोकरी सातपूरच्या टूलरूममधली. डाय आणि मोल्ड बनवण्यात हयात गेली. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. ओट्यावर आमच्या हिचं राज्य, त्यामुळे माझा कारभार डायनिंग टेबलावर चालतो: मारी बिस्किटं, खजूर, पंढरपुरी डाळं, मिल्क पावडर, एक वजनकाटा आणि इलेक्ट्रिक किटली. शेगडी नाही, ओव्हन नाही. नातवंडं याला ‘आजोबांची कंपनी’ म्हणतात. पण साचा हातात आला की पार्टिंग लाइनवरून, म्हणजे साच्याचे भाग जिथे जुळतात त्या रेघेवरून, नख फिरवून बघायची खोड काही जात नाही.

मोदक हा मोल्डवाल्याला छळणारा आकार आहे. बुडाशी जरा आत, मध्ये फुगलेला, वर निमुळता. म्हणजे पोट तोंडापेक्षा मोठं. असा तुकडा एकसंध साच्यातून सरळ ओढला तर पोट अडकणारच. टूलरूममध्ये याला अंडरकट म्हणतात. उपाय दोनच. एक तर साचा मधून उघडला पाहिजे, नाहीतर साचाच ताणला गेला पाहिजे. बिजागरीचा साचा पहिल्या जातीचा, सिलिकॉन दुसऱ्या. तिसरी एक चलाखी असते, पोटच काढून टाकायची. स्वस्त ट्रेमधले बरेचसे ‘मोदक’ असे सरळसोट सुळके असतात. निघतात पटकन, पण ताटात मांडले की बाप्पालासुद्धा प्रश्न पडावा.

आता आत काय भरता ते महत्त्वाचं. माझं नेहमीचं मिश्रण असं: मारी बिस्किटांचा २०० ग्रॅम बारीक चुरा, दीडशे ग्रॅमच्या आसपास कंडेन्स्ड मिल्क, दोन चमचे कोको पावडर, चमचाभर लोणी. कंडेन्स्ड मिल्क एकदम ओतायचं नाही, गोळा जमेपर्यंत थोडं थोडं घालायचं, कारण पावसाळ्यात चुरा आधीच दमट असतो. हा गोळा दाबला की जमतो, ओढला की तुटतो. सिलिकॉनच्या ट्रेमध्ये नेमकं हेच नडतं. ट्रे उलटा करून खालून बोट दाबलं की टोक ट्रेमध्येच राहतं आणि बिनटोकाचा मोदक बाहेर येतो. फ्रीजरमध्ये घट्ट करून काढला तर टोक वाचतं, पण टेबलावर आल्यावर त्याला घाम फुटतो आणि कळ्या चिकट होतात.

बिजागरीच्या साच्यात ओढाताण नाहीच. बोटाला तूप लावून आतून फिरवा, साचा बंद करा, बुडातून मिश्रण भरा, अंगठ्याने टोकापर्यंत दाबा. मधे पोकळी करून गुलकंद आणि खोबऱ्याचा कीस भरता येतो, मग बूड बंद. उघडताना साच्याचे दोन्ही भाग एकदम फाकवू नयेत. आधी एक भाग अगदी थोडा हलवायचा, कळ्या सुटल्याचा बारीकसा ‘चट’ ऐकू येतो, मग दुसरा. जोडावर कागदाएवढी पातळ कड उभी राहते, तिला आम्ही फ्लॅश म्हणायचो. बोटाने पुसली की गेली. फ्लॅश जाड येत असेल तर साच्याचे दोन भाग नीट बसत नाहीत असं समजावं. म्हणून दुकानातच साचा बंद करून उजेडाकडे धरायचा आणि जोडातून उजेड दिसला तर दुसरा मागायचा.

भांडी बाजारातल्या त्या अरुंद दुकानात मी हे उद्योग करत होतो तेव्हा मालक गालात हसत होता. विचारलं, “सगळे उघडून बघू का?” तर म्हणाला, “बघा की काका, बघायचे पैसे थोडीच पडतात?” नाशिकच्या तांब्या-पितळेच्या पेठेत असा धीर अजून शिल्लक आहे, हेही परीक्षणातच धरा. दिवस पावसाळ्याचे होते. दोन गिऱ्हाइकांच्या मधे तो फोनवर गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय ते विचारून घेत होता, कारण गोदेला पूर आला की या भागातल्या दुकानदारांना खालचा माल वर चढवावा लागतो. मधल्या आकाराचा प्लास्टिकचा साचा मला ६० रुपयांना पडला.

तिथेच अ‍ॅल्युमिनियमचाही घेतला. वजनदार आणि दिसायला रुबाबदार. पण ओतकाम खरखरीत, आतून पॉलिश नाही, आणि मोदकाचा प्रत्येक कण त्या खरखरीत धरून बसतो. खजुराच्या मिश्रणाला फरक पडत नाही, तो मुळात काळा. मिल्क पावडरचा पांढरा मोदक मात्र उघडला तेव्हा दोन कळ्यांवर करडे ओरखडे होते. पॉलिश पेपर आणून मी आतून घासला, आता बराच सुधारलाय. पण साचा आणायचा आणि वर त्याला पॉलिश करत बसायचं, हा धंदा सगळ्यांना परवडणारा नाही. पांढरे मोदक करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

सिलिकॉनला सरसकट नावं ठेवत नाही. चॉकलेट आणि चायना ग्रास, या दोन ठिकाणी तो कामाचा. दोन्ही पातळ ओतायची आणि आत घट्ट होणारी. बिजागरीच्या साच्यात चॉकलेट ओतलं तर जोडातून गळतं. सिलिकॉनला जोडच नाही. शिवाय घट्ट झालेला तुकडा एकसंध असतो, त्यामुळे साचा ताणून सोलला की पोटासकट बाहेर येतो. चायना ग्रास उकळावंच लागतं, किटलीच्या पाण्यात नुसतं ढवळून भागत नाही, म्हणून त्या दिवशी हिच्याकडून एक शेगडी मागून घ्यावी लागते. चॉकलेटला किटलीचं गरम पाणी पुरतं: पातेल्यात पाणी, वर कोरडी वाटी, वाटीत तुकडे. वाटीत पाण्याचा थेंब जाता कामा नये, नाहीतर चॉकलेट आवळून त्याचा रवाळ गोळा होतो.

माझ्या ऑनलाइन ट्रेचं दुखणं वेगळंच. पाकिटावर २३० डिग्रीपर्यंत चालतो असं ठसठशीत छापलेलं. आमच्याकडे ओव्हनच नाही, त्यामुळे त्या आकड्याचं काय लोणचं घालू? ट्रे इतका पातळ की भरून उचलला की मधून वाकतो आणि चॉकलेट एका बाजूला कलतं. खाली स्टीलचं ताट ठेवून, ताटासकटच फ्रीजमध्ये सरकवावा लागतो. शिवाय एकदा गुलाबाचा इसेन्स वापरला की पुढच्या वेलदोड्याच्या मोदकालाही गुलाबाचा वास. गॅलरीत उन्हात ठेवल्यावर वास कमी झाला, गेला नाही. जाड ट्रे मिळाला तर घ्यावा. एका कोपऱ्यात धरून आडवा उचलला तर तो फार वाकता कामा नये, एवढी परीक्षा पुरे.

चॉकलेटचाच छंद असेल तर थोडे जास्त पैसे घालून पॉलिकार्बोनेटचा कडक साचा घ्या. मला ४०० रुपयांच्या वर गेला. यात फुगीर मोदक मिळत नाही, चपटे अर्धे आकार मिळतात, पण चकाकी अशी की दुकानातलं वाटावं. आतली भिंत जेवढी गुळगुळीत तेवढाच तुकडा चकाकतो, हे डायचं साधं गणित. चॉकलेट घट्ट होताना आकसतं आणि भिंत सोडतं. साचा उलटा धरून खालून बघितलं तर सुटलेला भाग फिका दिसतो, चिकटलेला अजून ओला-गडद. सगळा फिका होईपर्यंत हात लावायचा नाही. मग टेबलावर एक टकटक आणि सगळे खाली.

कंपाउंड घ्यायचं की खरं चॉकलेट, यावर घरात वाद आहे. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं, आणि वैशाखात आमच्या हॉलमध्ये तेवढं तापमान सहज असतं. शिवाय खऱ्या चॉकलेटला चकाकी हवी तर टेम्परिंगची, म्हणजे ठरावीक तापमानाला गरम-थंड करत बसायची कटकट. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, ते नुसतं वितळवून ओतलं तरी जमतं. मुलगी म्हणते, बाबा, ते डालडा खाल्ल्यासारखं लागतं. जिभेवर मेणचट राहतं हे खरं आहे. २०२२ पासून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यतेलातल्या आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे डालड्यासारख्यात असणाऱ्या अपायकारक चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे मी तिला ऐकवलं. तिने चवीबद्दल विचारलं होतं. उन्हाळ्यात कंपाउंड, थंडीत खरं, असा तह झालाय.

साच्याच्या आकाराबद्दल शेवटचं. मधला घ्या. माझ्या काट्यावर त्यातला मोदक २० ग्रॅमच्या आसपास भरतो. नैवेद्याच्या २१ मोदकांना सव्वाचारशे ग्रॅम मिश्रण धरा, वर चाखणाऱ्यांसाठी मूठभर जास्त. डाळ्याचे करायचे असतील तर दोन वाट्या डाळ्याचं पीठ, वाटीभर पिठीसाखर, वेलदोड्याची पूड, आणि पातळ तूप अर्ध्या वाटीपासून सुरू करून मूठ वळेपर्यंत. मोठ्या साच्यात हे मिश्रण टोकापर्यंत दाबलं जात नाही आणि अगदी छोट्यात अंगठाच जात नाही.