डॉग मॅन की द बॅड गाइज?

डेव्ह पिल्कीच्या ‘डॉग मॅन’ या मुलांच्या कॉमिक मालिकेत (२०१६पासून) पीटी नावाचा बोका बॉम्ब लावतो. जखमी पोलिसाच्या धडावर त्याच्याच कुत्र्याचं डोकं शिवलं जातं आणि नायक तयार! पुढे पीटी आपला क्लोन बनवायला जातो, तर हाती येतं एक निरागस पिल्लू. त्याच्या ‘का?’ला उत्तरं देता देता बोकोबा वितळतो. लहानपणी बाप सोडून गेलेला, त्यामुळे त्याचं सुधारणं अडखळतच होतं. मला तेच पटतं.

आरन ब्लेबीच्या ‘द बॅड गाइज’ या मुलांच्याच पुस्तकमालिकेत (२०१५पासून) बदनाम टोळीचा म्होरक्या लांडगा सुरुवातीलाच फर्मान काढतो, आता चांगलं वागायचं! साप, शार्क, पिरान्हा कुरकुरतात. इथे प्रश्न क्षमेपेक्षा बदनामीचा. हसायला मात्र हेच जास्त. साप तर अस्सल नाठाळ.