पार्क्स कमिशनची खुर्ची की पार्कासाठी स्वतःचा गट?

कॅलिफोर्नियातल्या सनीवेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट भागातल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न साधारण एकाच वाटेने येतो. क्रिकेटला मैदान मिळत नाही, दिवाळीच्या सुमारास कम्युनिटी सेंटरचं सभागृह हाती लागत नाही, पार्कात सावलीला बाक नाहीत. मग कोणीतरी सुचवतं की सिटीच्या पार्क्स अँड रिक्रिएशन कमिशनवर, म्हणजे पार्कांचे विषय बघणाऱ्या नागरिकांच्या समितीवर, जागा रिकामी आहे, अर्ज टाका. दुसरं कोणी म्हणतं, त्यापेक्षा पार्कासाठी नोंदणीकृत गट उभा करा. दोन्ही कामं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारीच करायची असतात, त्यामुळे नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला बहुधा एकच झेपतं. मी यातलं एक निवडलं आहे आणि माझा कल पुढे दिसेलच. तुमच्या शहराची घडी वेगळी असू शकते, हे मात्र आधीच मान्य करतो.

अर्ज किंवा नोंदणी, काहीही करण्यापूर्वी जमीन कोणाची आहे ते बघा. पाटीवर सिटीचं नाव असलं तरी लागून असलेलं मैदान बऱ्याचदा शाळेचं असतं आणि सिटी ते करारावर वापरते. त्या जमिनीवर काय बांधायचं हे स्कूल बोर्ड ठरवतं, कमिशन नाही. हेवर्ड आणि लिव्हरमोरमध्ये तर बहुतेक पार्कं स्वतंत्र पार्क डिस्ट्रिक्टकडे आहेत आणि त्यांचं पाच जणांचं बोर्ड मतदार निवडून देतात. सॅन फ्रान्सिस्कोत मेयरने नेमलेलं सात जणांचं कमिशन विभागाचं धोरण स्वतः ठरवतं. सल्ला द्यायला तिथे 23 जणांची वेगळी समिती आहे. लॉस एंजेलिसच्या पाच जणांच्या बोर्डालाही खरे अधिकार आहेत. सनीवेल आणि क्युपर्टिनोची कमिशनं पाच-पाच जणांची, चार वर्षांच्या मुदतीची, सिटी कौन्सिलने (शहराच्या निवडून आलेल्या मंडळाने) नेमलेली आणि सल्लागार स्वरूपाची. पुढचं सगळं या शेवटच्या प्रकाराबद्दल आहे.

सल्लागार म्हणजे बिनकामाचं, असं नाही. पार्कांचा मास्टर प्लॅन, मैदानवाटपाचं धोरण, सभागृहाच्या भाड्याचे दर, नव्या पार्काचा आराखडा हे सारं कौन्सिलपुढे जाण्याआधी कमिशनसमोर येतं. कौन्सिलच्या कागदपत्रांत कमिशनची शिफारस आणि मतं नोंदवलेली असतात. माझ्या पाहण्यात 5-0 ने गेलेली शिफारस कौन्सिल क्वचितच उलटवते; 3-2 ने गेली तर मात्र ती असून नसल्यासारखी. पैशाच्या बाबतीतही इथे बारकाईने वाचणारा माणूस हवा असतो. क्विम्बी कायद्याखाली नवी घरं बांधणाऱ्याकडून सिटीला दर हजार रहिवाशांमागे 3 ते 5 एकर पार्कजमीन किंवा तिच्या बदल्यात रक्कम घेता येते. ही रक्कम नव्या पार्कांवर किंवा जुन्यांच्या नूतनीकरणावर खर्च करता येते, गवत कापण्यावर आणि नळदुरुस्तीवर नाही. म्हणून शेजारी कोऱ्या खेळसामानाचं पार्क उभं राहतं आणि आपल्या पार्कातला पाण्याचा नळ तसाच गळत राहतो. हे समजून योग्य जागी प्रश्न विचारणारा सदस्य शहराच्या फार उपयोगी पडतो.

कमिशनच्या हातात नसतं ते असं: रोजची देखभाल, कर्मचारी, कंत्राटं आणि कोणाच्याही नावाचं परमिट. सदस्याने पार्क्स विभागाच्या कर्मचाऱ्याला परस्पर काम सांगणं तर बहुतेक शहरांत नियमाबाहेरच आहे.

नागरिकत्वाचा प्रश्न हमखास विचारला जातो. 2020 पासून लागू असलेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे 18 वर्षांवरच्या राज्यातल्या कोणाही रहिवाशाला, नागरिकत्व नसलं तरी, अशा पदावर नेमता येतं. पण स्वतःची सनद (चार्टर) असलेल्या शहरात नोंदणीकृत मतदार असण्याची अट असू शकते. ते सिटी क्लार्ककडून लेखी विचारून घ्या. आणि पदाला मानधन असेल तर एच-वन-बीवाल्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती. कमिशनच्या खुर्चीत बसलं की त्याच विषयावर बोलायची मोकळीक कमी होते.

कॅलिफोर्नियात सार्वजनिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवायला लावणारा ब्राउन कायदा आहे. नियमित सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर सदस्यांना चर्चा किंवा निर्णय करता येत नाही. कोणी नागरिक माइकवर येऊन म्हणाला की मैदानाचं फाटक सहा महिने मोडलेलं आहे, तर सदस्याला थोडक्यात उत्तर देता येतं, स्टाफकडून माहिती मागवता येते किंवा विषय पुढे कधीतरी घ्या असं सुचवता येतं. तिथे ते थांबतं. बरं, अजेंडा सदस्य लिहीत नाहीत. तो स्टाफ तयार करतो, अध्यक्षाच्या संमतीने. अनेक शहरांत कमिशनचा वर्षभराचा कार्यक्रम कौन्सिल आधीच मंजूर करते आणि त्याबाहेरचा विषय घ्यायला बहुमत लागतं. सनीवेलमध्ये ‘स्टडी इश्यू’ची वार्षिक पद्धत आहे: कमिशन प्रस्ताव पुढे करतं, त्यांची क्रमवारी लागते, वर्षाच्या सुरुवातीला कौन्सिल त्यातले मोजके निवडते. पद्धत म्हणून ती स्वच्छ आहे. पण उन्हाळ्यात सुचलेली गोष्ट अभ्यासाला घेतली जाईल की नाही हे कळायलाही पुढचं वर्ष उजाडतं. त्यात विषय नाहीत म्हणून महिन्याची सभाच रद्द झाली तर आणखी एक महिना गेला.

सभेबाहेरही बोलता येत नाही. पाच जणांत तीन म्हणजे बहुमत. तुम्ही दुसऱ्या एका सदस्याशी बोलू शकता. पण त्याने तेच तिसऱ्याला सांगितलं की बेकायदा सभा झाली, मग ती ईमेलने झालेली असो वा फोनवर. तीन सदस्य एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असले आणि तिथे मैदानाचा विषय निघाला तर तोच धोका. सार्वजनिक सोशल मीडियावर नियम याहून कडक आहे: कमिशनच्या कक्षेतल्या विषयावर दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या पोस्टला थेट उत्तर देता येत नाही, अंगठा किंवा हृदयाचं चिन्हसुद्धा चालत नाही. मंडळाच्या पानावर सहज लाइक करायची सवय असलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. शिवाय 2017 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन होझेच्या खटल्यात स्पष्ट केलं की सार्वजनिक कामाबद्दलचे संदेश खासगी खात्यावर किंवा फोनवर असले तरी ते सार्वजनिक दस्तऐवज ठरू शकतात.

हे नियम योग्य आहेत, असंच माझं मत आहे. बंद दाराआड मैदानं वाटली जाऊ नयेत म्हणूनच ते आहेत. पण त्यांचा परिणाम बघा. बाहेरचा नागरिक नियमित सभेत अजेंड्यावर नसलेल्या, पण कमिशनच्या कक्षेतल्या कोणत्याही विषयावर बोलू शकतो, बहुधा 3 मिनिटं, गर्दी असली तर 2. तो पाचही सदस्यांना वेगवेगळं भेटू शकतो, कौन्सिलच्या प्रत्येकाला कॉफीला बोलावू शकतो, तीस जणांना सभेला आणू शकतो. फक्त एका सदस्याचं म्हणणं दुसऱ्याकडे पोचवणारा मध्यस्थ त्याने होऊ नये. आणि स्वतःच्या क्लबला हव्या असलेल्या मैदानाचा विषय आला तर सदस्याला आधी सिटी ॲटर्नीला विचारावं लागतं, बऱ्याचदा बाजूलाही व्हावं लागतं. ज्या विषयासाठी खुर्ची घेतली, नेमका तोच हातचा जातो.

गटाची बाजू मांडायची तर आधी त्याची डोकेदुखी सांगितली पाहिजे. स्वतःची करमुक्त संस्था काढायची तर वर्षाची जमा 50,000 डॉलरपर्यंत आणि मालमत्ता 2,50,000 डॉलरपर्यंत राहणार असेल तेव्हा आयआरएसचा, म्हणजे केंद्रीय करखात्याचा, 1023-ईझी हा छोटा अर्ज चालतो. फी 275 डॉलर. त्यानंतर राज्याच्या करखात्याचा 3500ए हा अर्ज, आणि पहिला पैसा हाती आल्यापासून 30 दिवसांत ॲटर्नी जनरलच्या धर्मादाय नोंदवहीत सीटी-1 हा नोंदणीचा अर्ज. दरवर्षी आयआरएसला 990-एन आणि राज्याला आरआरएफ-1 ही विवरणपत्रं. यातलं एखादं विवरणपत्र राहून जातं ते बहुधा खजिनदार बदलतो त्या वर्षी, आणि सलग तीन वर्षं 990-एन चुकलं की करमुक्ती आपोआप रद्द होते.

हे सगळं टाळायला लोक मोठ्या संस्थेच्या छत्राखाली जातात. तिथे पैसा तुमच्या नावाने जमा होतो, पण खातं त्यांचं असतं. सॅन फ्रान्सिस्को पार्क्स अलायन्स 2025 मध्ये बंद पडली तेव्हा तिच्या छत्राखालच्या अनेक लहान गटांचे पैसे अडकले. छत्र घ्यायचंच तर ठरावीक कामासाठी आलेले पैसे वेगळ्या खात्यात राहतील, हे करारात लिहून घ्या आणि दर तिमाहीला शिल्लक लेखी मागवा.

दुसरी अडचण विम्याची. पार्कात काम किंवा कार्यक्रम करायचा तर सिटी सहसा दर घटनेमागे 10 लाख डॉलरचं दायित्व-कवच मागते आणि त्यात सिटीचं नाव जोडलेलं हवं असतं. तिसरी मजुरीची. सिटीच्या जमिनीवर पगारी ठेकेदार लावला आणि काम 1,000 डॉलरच्या वर गेलं तर राज्याने ठरवलेले मजुरीचे दर लागू होऊ शकतात. खऱ्या स्वयंसेवकांचं काम त्यातून सुटतं. गटाचं अंदाजपत्रक फुगतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. आणि तुम्ही दिलेला बाक बसवल्या क्षणी सिटीचा होतो. म्हणून देणगी देतानाच विचारा की पुढची दहा वर्षं त्याची देखभाल कोणाच्या खात्यातून होणार. उत्तर नसेल तर स्टाफ देणगी नाकारतो, आणि ते रास्तच आहे.

तरीही क्रिकेटच्या खेळपट्टीचं काम बाहेरून जसं पुढे सरकतं तसं आतून सरकत नाही, असं मला वाटतं. मागणी ‘आम्हाला क्रिकेट हवं’ एवढीच असेल तर ती नोंदवून घेतली जाते आणि तिथेच राहते. गटाला तयारी करता येते. मैदानाचा नकाशा काढून यष्ट्यांमधले 22 यार्ड आणि पलीकडची धाव कुठे पडते, सीमारेषा बेसबॉलच्या आउटफिल्डवर किती चढते, पट्टीखाली पाण्याचा मुख्य पाइप जातो का, स्प्रिंकलर किती हलवावे लागतील, हे आधीच दाखवता येतं. काँक्रीटची पट्टी आजूबाजूच्या मातीपेक्षा वर राहिली, किंवा काही वर्षांत माती बसून कडा उघडी पडली, की सॉकर खेळणारी मुलं अडखळतात. विरोध इथूनच सुरू होतो. म्हणून पट्टी जमिनीच्या पातळीत हवी, कडेची माती दरवर्षी भरली पाहिजे आणि सॉकरच्या हंगामात पट्टीवर आच्छादन हवं. हे कोण करणार ते गटाने लिहून दिलं की स्टाफची अर्धी भीती जाते. लेदर बॉल की टेनिस बॉल हेही पहिल्याच पत्रात सांगा. शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मैदानाची वेळ मिळवणं हा याहून अवघड भाग. वाटपाच्या धोरणात सहसा सिटीचे स्वतःचे कार्यक्रम पहिले, मग बहुसंख्य खेळाडू स्थानिक असलेल्या युवा संस्था, मग स्थानिक प्रौढ आणि शेवटी बाहेरगावचे. वसंतात बेसबॉलच्या मुलांचा हंगाम असतो, तेव्हा प्रौढांच्या क्लबला उजेडातली वेळ मिळणं कठीण. गटाने मुलांचा संघ नोंदवला आणि खेळाडूंच्या यादीत पत्त्याचे पुरावे जोडले की रांगेतली जागा बदलते. त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज पडत नाही.

कमिशन कोणी निवडावं? ज्याचा स्वतःचा असा एक विषय नाही, ज्याला दीडशे पानांचा मास्टर प्लॅन वाचायचा उत्साह आहे आणि ज्याच्या शहरात वाटपाचं धोरण किंवा मास्टर प्लॅन येत्या एक-दोन वर्षांत नव्याने लिहिला जाणार आहे, त्याने जरूर अर्ज करावा. तेवढ्या काळापुरती खुर्चीची किंमत खरंच जास्त असते. दर डिसेंबरअखेर प्रत्येक शहराला पुढच्या वर्षी मुदत संपणाऱ्या पदांची यादी जाहीर करावी लागते. ती बघून आधी तीन-चार सभांना बसून या, कारण मुलाखतीत कौन्सिल हटकून विचारते की किती सभा पाहिल्यात. एकच मैदान, एकच पार्क, एकच सभागृह डोळ्यांसमोर असेल तर मी गटाच्या बाजूने झुकतो. आणि गट केलात तर कमिशनला पाठवायचं पत्र सभेच्या दिवशी सकाळी नाही, अजेंडा छापला जाण्याआधी, म्हणजे सभेच्या साधारण दहा दिवस आधी स्टाफकडे पोचवा. तेव्हाच ते सदस्यांच्या कागदांत नकाशासकट लागतं. उशिरा आलेलं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं जातं आणि ते वाचायला कोणाकडे वेळ नसतो.